टँकरमधली शेजारची सीट

प्रिय चिमणी,

वरचे दोन शब्द लिहून मी उठले. चहा ठेवला, खिडकी पुसली, परत येऊन पाहिलं तर शब्द तिथंच. खोडले असते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड दिसली असती तर तू म्हणाली असतीस, वहिनींना सुरुवातच जमेना. म्हणून राहू दिलेत. तू फोन उचलत नाहीस. मी सहसा कुणाला दुसऱ्यांदा फोन करत नाही. तुला किती वेळा केला ते तुझ्या फोनवर दिसत असेलच, मी तोंडानं कबूल करणार नाही. शेवटी ऑफिसातून तुझ्या भावाच्या घरचा पत्ता घेतला आणि लिहायला बसले.

आधी माझ्या नवऱ्याची तब्येत सांगते, म्हणजे पत्र फाडलंस तरी तेवढं वाचून फाडशील. डोळे वाचले. डावा डोळा अजून उजेडात पाणी गाळतो, पण डॉक्टर म्हणाले की तेही थांबेल. घसा मात्र सोलून निघालाय. बोलला की कुणीतरी फरशीवरून खुर्ची ओढतंय असं वाटतं. कमी बोला म्हणून सांगितलंय आणि तो अर्थातच ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, ‘जन्मात पहिल्यांदा हा घरात हळू आवाजात बोलतोय, राहू दे थोडे दिवस असाच.’ जिना चढला की धाप लागते, मग मधल्या पायरीवर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करतो. छातीचा फोटो स्वच्छ आलाय. लवकरच गाडीवर बसायला परवानगी मिळेल.

आता माझं. तू मला पहिल्या दिवसापासून आवडली नाहीस. हे तुला ठाऊक असणारच, तू काही दुधखुळी नाहीस. पण का आवडली नाहीस ते तुला अर्धंच ठाऊक असेल, म्हणून सगळं सांगते.

तू यार्डात आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मॅनेजरसाहेब तुला घेऊन गेटवर आले आणि म्हणाले, ‘वहिनी, ही कासवाच्या गाडीवरची नवी ड्रायव्हर.’ माझ्या नवऱ्याला सगळं यार्ड कासव म्हणतं. रस्ता मोकळा असला तरी वेगाच्या पाटीवर लिहिलंय त्याच्या पुढे तो काटा जाऊ देत नाही. त्या कासवाच्या शेजारी, त्याच अमोनियाच्या टँकरमध्ये, कितीतरी वर्षं मी बसत होते. लांबच्या फेरीला अशा गाडीवर दोन ड्रायव्हर लागतात, आणि ते दोघं म्हणजे आम्ही नवराबायको. लोक घरात संसार करतात, आम्ही केबिनमध्ये केला. भांडलो तिथं, अबोला धरला तिथं, आणि अबोला धरूनही आरशात मागची गाडी आली की ‘डावीकडून येतोय’ म्हणून एकमेकांना सांगितलं, कारण पाठीमागच्या टाकीत जे असतं त्याला आपल्या रुसव्याफुगव्यांशी काही देणंघेणं नसतं. सीटची गादी माझ्या बसण्यानं खोलगट झाली होती. तू टुणकन उडी मारून वर चढलीस, पाय पोचेनात म्हणून सीट पुढे ओढलीस. तो कर्रकन झालेला आवाज मी गेटवर ऐकला. माझ्याच कमरेचं हाड सरकल्यासारखं वाटलं.

तोवर मी गेटवर बसायला लागले होते. भरलेला टँकर बाहेर पडण्याआधी तपासायचा आणि सही करून सोडायचा, हे माझं काम. टाकीवरच्या धोक्याच्या पाट्या जागेवर आहेत का, त्यावरची कवटी पुसट तर झाली नाही ना, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, चाकांखाली लावायचे ठोकळे, दोघांचे मास्क, डोळे धुवायचं पाणी, काय माल आहे आणि सांडला तर काय करायचं त्याचे कागद. सगळे म्हणतात वहिनी कामाला कडक. इतरांच्या गाड्यांना मी कडकच होते. तुझ्या गाडीला खवट होते. इतरांना ‘मास्क दाखवा’ म्हणायचे, तुला ‘घालून दाखव’ म्हणायचे. इतरांचं पाणी नजरेनं पाहायचे, तुला झाकण उघडायला लावायचे. तू निमूट मास्क चढवायचीस आणि आतून काहीतरी घुम्या आवाजात बोलायचीस, आणि तो स्टीअरिंगवर डोकं टेकून हसायचा. माझ्याबरोबर असताना तो गेटवर कधी हसला नाही. तपासणीच्या वेळी हसलं तर नियम पातळ होतो असं त्याचं मत होतं. तुझ्या वेळी पातळ होत नव्हता वाटतं.

तू बाहेरच्या आरशाला लाल रिबीन बांधलीस तेव्हा तर मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, ‘गाडीची वेणीफणी करतेस का?’ आजूबाजूचे खो खो हसले. तू म्हणालीस, ‘वहिनी, वारा कळतो.’ मला ते कळलं नव्हतं असं नाही. गळती झाली तर वारा कुठून कुठं वाहतोय हे पहिलं बघायचं, एवढं मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. आम्ही झाडाचे शेंडे बघायचो, दोरीवरचे कपडे बघायचो. रिबीन आम्हाला सुचली नव्हती, एवढंच. मी तिला हात लावू शकत नव्हते, कारण नियमात रिबिनीला मनाई नाही. मी शोधून पाहिली होती.

एक दिवस सांगते, तुला तो आठवत नसेल. तुमची गाडी गेटवर उभी होती, मी टेबलाशी कागद लावत होते. वरून त्याचा आवाज आला, ‘पार्टनर, कागद दे.’ घरात तो मला ‘अगं’ म्हणतो. पार्टनर फक्त गाडीत म्हणायचा. माझ्या हातांनी आपोआप कागद उचलले आणि मी हात वर करून उभी राहिले. तो तुझ्याकडे तोंड करून बोलत होता. तू खणातून कागद काढून दिलेस, काच वर झाली, गाडी गेली. माझा हात मात्र वरच. काट्यावर गाड्यांची वजनं करणारा म्हातारा बघत होता, म्हणून मी त्या कागदांनी वारा घेतल्यासारखं केलं. थंडीचे दिवस होते.

घरी आला की तुझंच पुराण. चिमणी म्हणते दुपारी कमी जेवावं, म्हणजे गाडीवर सुस्ती येत नाही. अरे, मी हे लग्न झाल्यापासून सांगतेय! मी सांगितलं की कटकट, तू सांगितलंस की सल्ला. चिमणी म्हणते पाठीमागे उशी घ्या. चिमणी म्हणते उतरताना तीन ठिकाणी आधार धरावा. शेवटी सासूबाईंनीच त्याला विचारलं, ‘ही चिमणी दमते कधी?’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला काही त्याच्या वागण्यात काळंबेरं दिसत नव्हतं. तसला संशय असता तर सोपं गेलं असतं, मी सरळ भांडले असते. पण तो वाकडा माणूस नाही आणि तूही नाहीस. तू फक्त माझ्या जागेवर बसली होतीस, आणि नीट बसली होतीस. त्याचं मी काय करू?

मग तो अपघात झाला. तू तिथं होतीस, मी गेटवर. म्हणून माझ्या बाजूनं तो कसा दिसला ते लिहिते. ऑफिसात फोन आला की बाजाराजवळच्या सिग्नलला आपली गाडी उभी असताना एक टेम्पो बाजूनं येऊन मागच्या व्हॉल्व्हच्या पेटीवर आदळला आणि गॅस सुटलाय. मॅनेजरसाहेब धावत गेटवर मला सांगायला आले. मी विचारलं, ‘वारा कुठला?’ त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, ‘दोघं कुठं आहेत?’ तेही माहीत नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि तिथून उठताच येईना.

थोड्या वेळानं काट्यावरचा म्हातारा धापा टाकत आला, फोन पुढे करून म्हणाला, ‘वहिनी, जिवंत आहे, हे बघा.’ कुणीतरी वरच्या गच्चीतून काढलेली क्लिप होती. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिचं आधीचं सगळं गळून गेलं होतं. तू दुकानादुकानांत शिरून माणसं बाहेर काढलीस ते त्यात नव्हतं. राहिलं होतं फक्त शेवटचं: तू रस्त्यावर मांडी घालून बसलेली, त्याचं डोकं तुझ्या मांडीवर, तू वाकून कॅनमधलं पाणी त्याच्या चेहऱ्यावर धरलेलं, एका हाताच्या बोटांनी त्याच्या पापण्या उघडून, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलणारी. कुणा रिकामटेकड्यानं त्यावर गाणंही चढवलं होतं.

मी त्या क्लिपमध्ये टँकर बघितला नाही. पांढरा धूर बघितला नाही. मी तुझी मांडी बघितली. चिमणी, मी ते प्रशिक्षण घेतलंय. अमोनिया डोळ्यांत गेला तर पापण्या बोटांनी उघड्या ठेवायच्या, पाण्याची धार नाकाकडून बाहेर जाऊ द्यायची, मदत येईपर्यंत थांबायचं नाही, माणूस कितीही ओरडला तरी थांबायचं नाही. तू जे करत होतीस त्यात बोटभर चूक नव्हती, आणि गेटवर बसून मी चूकच शोधत होते. तो जगेल का, हा विचार मनात आला. खरंच आला. पण त्याच्या पाठोपाठ, त्याला धक्का देऊनच, दुसरा आला: ती त्याच्या कानात काय सांगतेय?

दवाखान्यात पोचले तेव्हा तू दाराबाहेर ओल्या कपड्यांत उभी होतीस. अंगाला तो वास, डोळे लाल, एका पायात बूट नव्हता. त्याचं घड्याळ, पट्टा, फोन असं सगळं तू माझ्या हातात ठेवलंस. दुसऱ्या कुणी तुला मिठी मारली असती. मी विचारलं, ‘त्याच्या कानात काय बोलत होतीस?’ तू म्हणालीस, ‘आकडे म्हणायला लावत होते, वहिनी. म्हणत राहिले की शुद्धीवर आहेत ते कळतं.’ मी मान हलवली आणि आत गेले. माझा विश्वास बसला नव्हता. पुढे त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘आकडेच म्हणवत होती गं, आणि चुकलो की परत पहिल्यापासून.’ तेव्हा कुठं बसला. आणि बसला म्हणून मला बरं वाटलं नाही. मला अजूनच मत्सर वाटला. हे मला सुचलं असतं का?

मग चौकशी झाली. बाहेरून चौकशी करणाऱ्या बाई आल्या होत्या, आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. त्यांनी तुला विचारलं, ‘तुमचा जोडीदार गॅसमध्ये किती वेळा गेला?’ तू त्याच्याकडे बघितलंस आणि सांगितलंस, ‘दोनदा. पहिल्यांदा ते गॅस बंद करायची कळ ओढायला गेले, ती पुढच्या बाजूला होती, मास्क होता, ते बरोबर होतं. कळ ओढूनही गॅस थांबेना, म्हणून दुसऱ्यांदा ते पाना घेऊन मागे गेले, ते बरोबर नव्हतं. आपला मास्क पळण्यापुरता असतो, काम करण्यापुरता नसतो. मी नको म्हटलं होतं.’ बाईंनी विचारलं, ‘मग तुम्ही काय केलंत?’ तू म्हणालीस, ‘मी आत गेले नाही. रिबीन उलटी फिरली, धूर बाजूला सरकला, ते चाचपडत, डोळे मिटून बाहेर आले आणि चुकून परत आतच वळले. तेव्हा पट्टा धरून ओढलं.’ मी नवऱ्याकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते.

पुढचं तुला माहीतच आहे. त्याला गाडीवर बसायच्या आधी पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सांगितलं, तेही नव्या पोरांबरोबर बाकावर बसून. यार्डात तुझ्याशी कुणी बोलेना. पार्टनरला तोंडघशी पाडलं म्हणाले. तुझ्या लॉकरवर खडूनं ‘चुगलखोर’ लिहिलेलं मी पुसलं. पण आल्याआल्या नाही पुसलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहू दिलं. येता-जाता ते माझ्या डोळ्यांना गार वाटत होतं.

घरी तो फुरंगटून बसलेला. ‘दुसऱ्या खेपेला थोडक्यात राहिलं. आणखी जरा वेळ मिळाला असता तर बंद केला असता व्हॉल्व्ह,’ असं त्या खुर्ची ओढल्याच्या आवाजात आल्यागेल्याला सांगायचा. मग एक दिवस म्हणाला, ‘मी आता तिच्याबरोबर बसणार नाही. सांगून टाकलंय साहेबांना.’ चिमणी, त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते. जेवायला गोडाचं केलं. सासूबाई ताटाकडे बघून म्हणाल्या, ‘आज काय विशेष?’ मी म्हटलं, ‘काही नाही, सहज.’ त्या म्हणाल्या, ‘त्या पोरीनं पाणी ओतलं, तू आता तेल ओतू नकोस.’ मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुझं पुराण संपलं होतं. ‘चिमणी म्हणते’ असं घरात कुणी म्हणत नव्हतं. आणि मग कळलं की तू राजीनामा दिलास. मला वाटलं, चला, सुटले.

माझी सुटका फार टिकली नाही. तो एक दिवस खुशीत येऊन म्हणाला, ‘साहेब पहिलवानाला द्यायला तयार आहेत माझ्या गाडीवर.’ पहिलवान तुला माहीत आहे. मनानं सोन्यासारखा, हत्तीएवढा, आणि माझ्या नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही. मास्क गळ्यात ताइतासारखा अडकवतो, का तर दाढी घामेजते. आजवर त्यानं कुणाला ‘नको’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी भांडी घासत होते. हातात कढई होती, आणि एकदम मला तो सिग्नल दिसला. टँकर, पांढरा धूर, पाना घेऊन निघालेला माझा नवरा. त्याच्या शेजारी पहिलवान. तो म्हणतोय, ‘चल कासवा, मीही येतो.’ पट्टा ओढायला बाहेर कुणीच नाही.

मी पहिलवानाला तिथून काढून स्वतःला उभं केलं. म्हटलं, मी असते तर? आणि मग मी कढई खाली ठेवली. कारण मीही त्याला ‘नको’ म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं, थांब, मास्क घेते, आले. आमची तशीच सवय. तो जिथं, तिथं मी. लोक आम्हाला शूर म्हणाले असते आणि सासूबाई एकट्या जेवायला बसल्या असत्या. तू त्याच्यावर माझ्याएवढी माया करत नाहीस, म्हणून तू बाहेर उभी राहू शकलीस. असं म्हणून मी थोडा वेळ स्वतःची समजूत घातली. पण तेही खरं नाही. तू हातपाय गाळले नव्हतेस, पळालीही नव्हतीस. वाऱ्याकडे डोळे लावून, तो बाहेर यायची वाट बघत उभी होतीस. ते आत जाण्यापेक्षा किती अवघड असेल ते मी गेटवरच्या खुर्चीत बसून थोडंसं चाखलंय.

आता मी गेटवर का आले ते सांगते. यार्डात सगळ्यांना ‘वहिनींची पाठ दुखते’ एवढंच माहीत आहे. पाठ नाही. एका फेरीनंतर टाकी रिकामी करून मी खाली उतरले आणि उभ्या उभ्या कोसळले. जाग आली तेव्हा डोक्याखाली त्याची टोपी होती आणि जीभ चावली गेली होती. डॉक्टरांनी फिट आली म्हणून सांगितलं, गोळ्या लिहिल्या, म्हणाले नियमित घ्या, कामधंदा चालू ठेवायला हरकत नाही. मी त्यांना काय काम करते ते सांगितलं नाही. हा बाजूला बसला होता. मी त्याच्याकडे बघून डोळ्यांनी विनवलं, गप्प बस. आणि हा म्हणाला, ‘डॉक्टर, ती माझ्याबरोबर अमोनियाचा टँकर चालवते.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. संपलं. फिट आलेल्या माणसाला त्या गाडीवर कायमची बंदी. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्याला म्हटलं, ‘घरच्या माणसाचा घात करतोस?’ तो म्हणाला, ‘तू स्टीअरिंगवर असताना फिट परत आली तर मागे टाकी असेल आणि बाजूला गाव, अगं.’ मी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाही. आजही मी त्याला पुरतं माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. पण तो खोटं बोलला असता तर मी त्याला आधी माझ्या खोट्यात ओढलं असतं आणि मग जन्मभर हलका समजले असते, हे माहीत आहे.

तर परवा जेवताना तो पुन्हा सुरू झाला, चिमणीनं मला सगळ्यांसमोर असं केलं आणि तसं केलं. मी म्हटलं, ‘तू माझ्या बाबतीत खरं बोललास तेव्हा ते कर्तव्य होतं. तिनं तुझ्या बाबतीत खरं सांगितलं तर ती चुगली कशी?’ सासूबाईंनी माझ्या ताटात न मागता वाढलं. तो उठला, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. आरशाकडे बघून ‘डावीकडून येतोय’ म्हणायचीही सोय नाही.

काल सकाळी मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, पहिलवान त्या गाडीवर बसला तर मी सही करणार नाही. ते म्हणाले, ‘वहिनी, हे कुठल्या नियमात बसतं?’ मी म्हटलं, मास्क जागेवर नसेल तर गाडी सोडायची नाही या नियमात. त्याचा गळ्यात असतो, रोज बघते, आजवर हसण्यावारी नेलं. आता नाही नेणार. ते कपाळाला हात लावून म्हणाले, ‘मग बसवू कुणाला? जिला बसवलं होतं ती सोडून गेली, आणि तुमच्याच नवऱ्यानं नको म्हणून सांगितलंय.’ मी म्हटलं, नवऱ्याचं मी बघते.

नवऱ्याचं अजून काही झालेलं नाही, खोटं कशाला सांगू. तो तुझी माफी मागेल असं मी तुला वचन देत नाही. त्याला वाकायला वेळ लागतो. पण आज सकाळी बूट घालता घालता, माझ्याशी अबोला आहे हे विसरून, त्यानं विचारलं, ‘तिचं काही कळलं का?’ आणि सांगते तुला, इतकं सगळं होऊनही मला पुन्हा तुझा मत्सर वाटलाच. म्हणजे मी काही सुधारलेले नाही. तू आलीस तर तुझ्या मास्कची तारीख मी अजूनही दोनदा बघेन. त्यानं तुला पार्टनर म्हटलं की माझं तोंड कडू होईल, आणि ‘चिमणी म्हणते’ सुरू झालं की मी भांडी आपटेन. तुझा राजीनामा साहेबांनी पुढे पाठवलेला नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो म्हणालेत, आणि ते थांबावेत म्हणून त्यांच्या दारात मीच उभी राहिले होते. राजीनामा परत घे. त्या सीटवर मला त्याच्यावर जीव टाकणारं माणूस नकोय, तसं एक घरी आहे. त्याला तोंडावर ‘नको’ म्हणणारं माणूस हवंय. मला तुझ्यावर जळायचंच आहे गं, अजून पुष्कळ वर्षं जळायचं आहे. पण त्यासाठी तो रोज घरी यायला हवा.

वाट बघणारी, पण समोर आलीस तर तसं न दाखवणारी,
तुझीच
वहिनी